महामार्ग रुंदीकरणात दुकान जात आहे : तांबडी रेघ, हरकत आणि मोबदला

प्रश्न – कडकभाकरी

सर्वांना नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्या एका राष्ट्रीय महामार्गाला लागून आमच्या कुटुंबाची साडेअकरा गुंठे जमीन आहे. मागे राहते घर, पुढे दुकान आणि एका कडेला पत्र्याचे शेड अशी तिची मांडणी आहे. रस्त्याचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. ही जागा आजोबांनी १९७१ साली खरेदीखताने घेतली. दुकान कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहा-नाश्त्याचे असून ते पूर्णपणे रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर चालते.

काही दिवसांपूर्वी तीन माणसे मोजणीचे यंत्र घेऊन आली आणि दुकानाच्या आतल्या भिंतीवर, जवळजवळ मागच्या बाजूला, तांबड्या रंगाची रेघ मारून गेली. विचारले तेव्हा "रेघेच्या पुढचे सगळे जाणार" एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्यातील एकाने जाता जाता असेही सांगितले की ओटा, त्यावरचे पत्रे आणि पुढची मोकळी जागा मुळातच रस्त्याच्या हद्दीत आहे, त्यामुळे त्याचा एक रुपयाही मिळणार नाही. लेखी मात्र काहीच दिले नाही. त्यानंतर वर्तमानपत्रात भूसंपादनाची अधिसूचना आली. तीत आमचा गट क्रमांक आहे, परंतु संपादनाचे क्षेत्र २ आर लिहिले आहे. आम्ही घरच्या टेपने रेघेपर्यंत मोजले, तेव्हा ते सव्वातीन गुंठे भरले.

घरातील स्थितीही सरळ नाही. सातबारावर वडील आणि काका अशी दोन नावे आहेत. वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी आमची वारस नोंद राहून गेली आहे, आणि दोन आत्यांची नावे तर कधी लागलीच नाहीत. शेडात एक पंक्चरवाले नऊ वर्षांपासून भाड्याने आहेत, त्यांच्याशी करार तोंडी आहे. जमीन कागदावर शेतीची आहे, एन.ए. केलेली नाही, पण दुकानाची घरपट्टी आम्ही ग्रामपंचायतीत नियमाने भरतो.

ती तांबडी रेघ कायदेशीर मानायची का, अतिक्रमण म्हणून सांगितले गेले त्याला उत्तर काय द्यायचे, दुकानाचा मोठा भाग गेल्यावर उरलेल्या भागाचे काय, आणि पंक्चरवाल्यांना काही मिळते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर – निवृत्त भूकरमापक

भूमी अभिलेख खात्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे मोजणीपुरते बोलतो. मोबदल्याचे जाणकार इथे दुसरे आहेत.

भिंतीवरची रेघ ही आखणी करणाऱ्या सल्लागार कंपनीची खूण असते. नकाशावर ठरवलेली रस्त्याची प्रस्तावित कड जमिनीवर कुठे येते, एवढेच ती दाखवते. तिच्यावरून आपल्या मालकीचे एक बोटभर क्षेत्रही कमी होत नाही, आणि ती पुसल्याने वाचतही नाही. (पुसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.) आपल्याला बांधते ती संयुक्त मोजणी. तिला संपादन करणाऱ्या यंत्रणेचा माणूस, भूमी अभिलेखचा भूकरमापक आणि खातेदार असे सगळे हजर असतात; तिच्यावरून संयुक्त मोजणी पत्रक तयार होते आणि त्यात जमिनीचे क्षेत्र, बांधकाम, झाडे, विहीर, बोअर, पाइपलाइन अशी एकेक नोंद होते. पत्रकात जे आले नाही, ते निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, येत नाही. म्हणून त्या दिवशी लग्न असो वा दशक्रिया, घरातील एक शहाणा माणूस जागेवर पाहिजेच. पत्रक वाचल्याशिवाय सही करू नये, आणि काही सुटले असेल तर "अमुक नोंद घेतलेली नाही, हरकत कायम ठेवून सही" असे स्वतःच्या हाताने लिहून मग सही करावी.

आता २ आर आणि सव्वातीन गुंठे यांतील फरक. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, तेव्हा फरक साधारण सव्वा गुंठ्याचा पडतो. टेपची चूक एवढी मोठी नसते. माझा अंदाज असा आहे, आणि तो आपल्याला कदाचित आवडणार नाही, की याच रस्त्यासाठी पूर्वी कधीतरी आपल्या गटातून एक पट्टी संपादित झाली असावी. सत्तर-ऐंशीच्या दशकात रस्ते रुंद झाले, निवाडे झाले, पैसे वाटले गेले; पण त्यानंतर जे कमी-जास्त पत्रक व्हायला हवे, ज्याला आम्ही क.जा.प. म्हणतो, ते अनेक गावांत झालेच नाही. परिणामी सातबारावर मूळ क्षेत्र तसेच राहिले आणि पुढची पिढी ते आपले समजून कर भरत राहिली. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा, मूळ टिपण, फाळणी नकाशा आणि क.जा.प. झाले असल्यास त्याची नक्कल काढा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत आपल्या गावाचा जुना निवाडा आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. शिवाय स्वतःच्या खर्चाने तातडीची मोजणी लावून हद्दीच्या खुणा ठरवून घ्या.

जुना निवाडा निघाला नाही, तर अतिक्रमण सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर राहतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील महाराजगंज येथील प्रकरणात हे अगदी स्पष्ट केले आहे. तिथे २०१९ मध्ये रस्ता रुंद करताना एकाचे घर पाडले होते आणि अतिक्रमणाचे कारण पुढे केले होते. न्यायालयाने राज्य सरकारला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि सर्व राज्यांसाठी क्रम घालून दिला : आधी अभिलेखावरून रस्त्याची मूळ रुंदी शोधायची, मग प्रत्यक्ष मोजणी करून अतिक्रमण आहे का ते पाहायचे, असल्यास लेखी नोटीस द्यायची, हरकत आली तर कारणांसह आदेश काढायचा, आणि रस्त्याची उपलब्ध रुंदी पुरत नसेल तर अधिक जागा कायद्याप्रमाणे संपादनानेच घ्यायची. तोंडी "तुमचे अतिक्रमण आहे" या वाक्याला या क्रमात कुठेही जागा नाही.


उत्तर – पार्क चौक

मी वकिली करतो आणि भूसंपादनाची कामे पाहतो. भूकरमापक साहेबांनी मोजणीचे लिहिले ते सोन्यासारखे आहे. मी कायद्याचा क्रम सांगतो, कारण आपले दिवस आत्ता मोजले जात आहेत.

राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली होते. आपण वर्तमानपत्रात पाहिली ती कलम ३-ए ची अधिसूचना, जिला बाजारात थ्री-ए म्हणतात. तिच्यावर कलम ३-सी प्रमाणे २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हे दिवस कायद्याच्या शब्दांप्रमाणे राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजले जातात, आणि वर्तमानपत्रातील जाहिरात बहुधा त्यानंतर येते. त्यामुळे आपण समजता त्यापेक्षा कमी दिवस हातात असू शकतात. राजपत्राची तारीख आजच पाहा. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या संपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, द्यायची, पोच घ्यायची, सुनावणी मागायची. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते.

हरकत कशावर घ्यावी याबद्दल माझे मत थोडे रोखठोक आहे. "रस्ताच नको" किंवा "पलीकडच्या बाजूने घ्या" या हरकती बहुतेक फेटाळल्या जातात, कारण आखणी तोवर ठरून गेलेली असते. मात्र क्षेत्र, गट क्रमांक, मालकाचे नाव, जमिनीचा प्रकार आणि बांधकामाचा उल्लेख यांतील चुकांवर घेतलेली हरकत अभिलेखावर राहते आणि पुढे लवादासमोर, म्हणजे मोबदल्याच्या रकमेवर दाद मागतात तिथे, कामाला येते. आपण २ आर की सव्वातीन गुंठे हाच मुद्दा घ्या, आणि मूळ हद्द निश्चित करून दिल्याशिवाय संपादनाचे क्षेत्र अंतिम धरू नये अशी मागणी करा.

हरकती निकाली निघाल्यावर कलम ३-डी ची घोषणा होते आणि त्या दिवशी जमीन केंद्र सरकारकडे निहित होते; म्हणजे पैसे हातात येण्यापूर्वीच मालकी गेलेली असते, ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. थ्री-ए पासून एक वर्षात थ्री-डी झाली नाही, तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ त्यातून वगळला जातो. त्यानंतर कलम ३-जी प्रमाणे दावे मागवणारी जाहीर नोटीस निघते आणि निवाडा होतो. ताबा मात्र निवाड्याची रक्कम जमा झाल्यावर आणि ६० दिवसांची नोटीस देऊनच मागता येतो. तोपर्यंत दुकानाला जेसीबी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मोबदल्याचे गणित १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे होते. जमिनीचा बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा (सरकारी दरतक्त्याचा) दर आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी जास्त दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतील जी रक्कम मोठी ती धरायची असते. ग्रामीण भागात तिला गुणांक लावायचा, त्यात बांधकाम, झाडे, विहीर यांची किंमत मिळवायची आणि एकूण बेरजेवर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सगळे ज्याला सोलेशियम म्हणतात ती द्यायची. शिवाय बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी घडेल तोवर, वर्षाला १२ टक्के रक्कम मिळते. बांधकामाच्या किमतीलाही दिलासा रक्कम लागू असल्याने दुकानाचे मूल्यांकन चार आण्यांनी चुकले तर आपले आठ आणे जातात. मूल्यांकनाचा तक्ता मागून घ्या, आणि त्यात बांधकामाचे वय किती धरले, घसारा किती वजा केला, ओट्याची फरशी आणि विजेची जोडणी मोजली का, हे ओळीओळीने तपासा.

उरलेल्या दुकानाविषयी : २०१३ च्या कायद्यात इमारतीचा भाग घ्यायचा असेल आणि मालकाला पूर्ण इमारत द्यायची असेल, तर केवळ भाग घेता येत नाही असे एक कलम आहे, ९४ वे. परंतु महामार्ग अधिनियमाच्या संपादनाला २०१३ च्या कायद्यातील मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्याच लावण्यात आल्या आहेत. ९४ वे कलम त्यामुळे आपोआप हातात येत नाही. आपला खरा आधार महामार्ग अधिनियमातील कलम ३-जी (७) हा आहे. त्यात बाजारभावाखेरीज तीन गोष्टी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत : उरलेल्या जमिनीपासून तोडले गेल्यामुळे झालेले नुकसान, उरलेल्या मिळकतीला किंवा आपल्या कमाईला पोहोचलेली हानी, आणि राहण्याची वा धंद्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्च. दाव्यात या तिन्ही बाबी स्वतंत्र मागायच्या असतात. बहुतेक लोक फक्त "दर कमी आहे" असे लिहितात आणि बाकीचे मागतच नाहीत.

पंक्चरवाल्यांना जमिनीचा मोबदला मिळणार नाही. परंतु तीन वर्षांहून अधिक काळ तिथे काम करून उपजीविका करणारे कुटुंब "बाधित कुटुंब" या व्याख्येत येऊ शकते आणि दुसऱ्या अनुसूचीत लहान दुकानासाठी, तसेच कारागीर व छोट्या व्यावसायिकासाठी किमान २५,००० रुपयांच्या एकरकमी साहाय्याची तरतूद आहे. त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. नऊ वर्षांचा पुरावा म्हणून कॉम्प्रेसरच्या वीजबिलापासून टायरच्या पावत्यांपर्यंत जे असेल ते जोडावे. तोंडी करार असला तरी आपण त्यांना भाडेकरू म्हणून लेखी दाखला द्या. अनेक मालक इथे हात आखडता घेतात, कारण भाडेकरूचा हिस्सा आपल्या रकमेतून जाईल अशी भीती असते. ते साहाय्य वेगळ्या हक्काचे आहे, आपल्या जमिनीच्या रकमेतून कापले जात नाही.

एन.ए. आता करून घ्यावे का, असे आपण पुढे विचाराल म्हणून सांगून ठेवतो : उपयोग नाही. बाजारभाव थ्री-ए च्या तारखेचा धरला जातो, त्यामुळे त्यानंतर बदललेला दर्जा मोजला जात नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, व्यापारी दराचे वीजबिल आणि अन्न परवाना हे मात्र त्या तारखेला जागेचा वापर व्यापारी होता हे दाखवतात. ते मूल्यांकनासाठी जोडा.


उत्तर – अक्कलकोट रोड

आमचे क्षेत्र सुरत–चेन्नई महामार्गाच्या पट्ट्यात होते. हा नव्या आखणीचा रस्ता आपल्या जिल्ह्यात बार्शी, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतून आखलेला आहे, आणि मोबदल्यावरून या भागात किती सभा, किती निवेदने झाली ते येथील अनेकांनी पाहिले असेल.

वकील साहेबांनी गुणांक हा शब्द एका वाक्यात संपवला. आमचे सगळे भांडण त्याच एका शब्दावर होते. केंद्राच्या कायद्यात ग्रामीण भागासाठी गुणांक १ ते २ च्या दरम्यान राज्याने ठरवायचा आहे. महाराष्ट्रात तो २ होता. बाजारभाव दहा लाख असेल तर दुप्पट वीस, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा धरून चाळीस. "चौपट मोबदला" हा शब्द तिथून आला. २०२१ मध्ये राज्य शासनाने महामार्गांच्या संपादनासाठी तो २ वरून १ वर आणला, आणि त्याच दहा लाखांचे वीस झाले. समृद्धी महामार्गाचे आकडे ऐकून बसलेल्या शेतकऱ्याच्या हातात जेव्हा हा दर आला, तेव्हा त्याला तो अन्याय वाटला यात नवल नाही. प्रश्नकर्त्यांनी आपल्या थ्री-ए च्या तारखेला कोणता गुणांक लागू आहे, हे निवाडा होण्याआधीच लेखी विचारावे.

दुसरे, वकील साहेब म्हणतात आखणीवर हरकत घेऊन उपयोग नसतो. कागदावर ते खरे असेल. पण गावाने एकत्र येऊन घेतलेली हरकत आणि एकट्याने घेतलेली हरकत यांत फरक पडतो. निदान सेवा रस्ता, भुयारी मार्ग, पाण्याच्या वाटा आणि शेतरस्ते या मागण्या त्याच वेळी रेटता येतात. रस्ता उंच झाला आणि पलीकडच्या रानात जायला दोन किलोमीटरचा वळसा पडला, की मग कितीही मोबदला मिळाला तरी रोजचा त्रास राहतो. ज्यांची जमीन जात नाही, फक्त वाट जाते, त्यांच्या पदरात तर बहुधा काहीच पडत नाही. बाह्यवळण रस्ता झाल्यावर गावातल्या ज्या हॉटेलांचे गिऱ्हाईक वळते त्यांनाही काही मिळत नाही.

आणि एक कडू गोष्ट, जी आम्ही स्वतःच करून ठेवली. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी आपल्याकडे खरेदीखतात कमी किंमत लिहायची रीत आहे. आमच्या शिवारात तीन वर्षांत जेवढी खरेदीखते झाली, त्यांतील निम्म्याहून अधिक रेडी रेकनरच्या दरालाच लिहिलेली होती. प्रत्यक्षात कोणी काय मोजले ते पारावर सगळ्यांना माहीत आहे, पण निवाड्याला पार दिसत नाही. सरासरी काढायला अधिकाऱ्याने घेतले ते आमच्याच सह्यांचे कागद होते. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयातून तीन वर्षांच्या व्यवहारांची यादी स्वतः काढा. आमच्या यादीतील जास्त दराचे दोन व्यवहार मूळ तक्त्यात घेतलेच नव्हते.


उत्तर – कडकभाकरी

सर्वांचे मनापासून आभार. हरकत १८ व्या दिवशी दाखल केली. राजपत्राची तारीख खरोखरच जाहिरातीच्या सहा दिवस आधीची निघाली, म्हणजे वकील साहेबांचे वाक्य वाचले नसते तर मुदत चुकली असती.

आता जे निघाले ते प्रामाणिकपणे लिहितो. भूकरमापक साहेबांचा अंदाज बरोबर ठरला. १९८३ सालचा निवाडा सापडला; आमच्या गटातून त्या वेळी सव्वा गुंठा जमीन रस्त्यासाठी घेतली गेली होती. रक्कम घेतल्याच्या कागदावर आजोबांची मोडी वळणाची सही आहे, आणि ती सही मी ओळखतो. क.जा.प. झालेले नाही. घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती, काकांनाही नाही. निदान ते तसे म्हणतात. आमच्या जागेची रस्त्याकडची बाजू एकवीस मीटर आहे, म्हणजे सव्वा गुंठा हा सहा मीटर खोलीचा पट्टा होतो, आणि ओटा, पत्रे व पुढची मोकळी जागा नेमकी तेवढीच आहे. ज्या माणसाच्या बोलण्याचा मला राग आला होता तो खोटे बोलत नव्हता.

दुकान १९८३ पूर्वीच्या हद्दीपासून सहा मीटरवर सुरू होते आणि सतरा मीटरपर्यंत जाते. तांबडी रेघ पावणेसोळा मीटरच्या आसपास येते. त्यामुळे दुकानाची मागची सव्वा मीटरची पट्टी तेवढी उरते. शेड पूर्ण जाते. घर विसाव्या मीटरपासून आहे, ते वाचते.

आता दोन शंका आहेत. ओट्याचे काय करावे, आणि घरापुढे जी जागा उरेल तिथे पुन्हा दुकान बांधता येईल का? काका आणि आत्यांचाही विषय अजून तसाच आहे. काकांचे म्हणणे आहे की दुकान आमचे, पण जमीन निम्मी त्यांची.


उत्तर – निवृत्त भूकरमापक

सही ओळखली आणि तसे इथे लिहिले, हे चांगले केले. बहुतेक लोक असा कागद सापडला की घडी घालून ठेवतात.

ओट्याखालची जमीन मागू नका. ती मागितली तर उरलेल्या खऱ्या दाव्यावरही संशयाची सावली पडते. मात्र निवाड्यात संपादित झालेली पट्टी आणि जागेवर रस्त्याने व्यापलेली पट्टी यांची मध्यरेषेपासूनची अंतरे जुळतात का, ते तातडीच्या मोजणीत नकाशावर लिहून घ्या. रुंदीकरणात रस्ता दोन्ही अंगांनी सारखा वाढतोच असे नाही. एका बाजूला देऊळ, ओढा किंवा जलवाहिनी असली की मध्यरेषा दुसरीकडे सरकते. जुन्या मध्यरेषेवरून ठरलेली हद्द नव्या मध्यरेषेवरून मोजली, तर मीटरभराचा घोळ सहज होतो. आणि क.जा.प. आता करून घ्या. सातबारावरचे क्षेत्र दुरुस्त झाले नाही तर पुढचा फेरफार अडेल.


उत्तर – पार्क चौक

ओटा काढायचा असेल तरी रीतसर नोटीस लागतेच. महामार्गाच्या जागेवरील अनधिकृत वापरासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातही आधी नोटीस, मग म्हणणे ऐकणे असा क्रम आहे. आपण त्या नोटिशीला उत्तर देताना १९८३ चा निवाडा मान्य करा, साहित्य स्वतः काढून घेण्यासाठी मुदत मागा. पत्रे, लोखंडी अँगल आणि फरशी आपलीच आहे.

पुन्हा दुकान बांधण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो आपण वेळेवर विचारला. मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा धरली जाते. इमारत रेषेच्या आत नवे बांधकाम मंजूर होत नाही, आणि तिच्यापलीकडे नियंत्रण रेषेपर्यंत निर्बंधांसह होते. गावठाणालगत ही अंतरे वेगळी असू शकतात, म्हणून आपल्या गटाला कोणती लागू आहेत याचा लेखी दाखला घ्या. आपली सध्याची हद्द मध्यापासून पंधरा मीटरच्या आसपास असेल, तर रेघेनंतर उरणारी घरापुढची सगळी जागा, आणि घराचाही मोठा भाग, ४० मीटरच्या आतच येतो. म्हणजे जमीन नावावर राहील, पण तिच्यावर दुकान उभे राहणार नाही. कलम ३-जी (७) मधील "उरलेल्या मिळकतीला पोहोचलेली हानी" म्हणतात ती हीच. दाव्यात तीन गोष्टी लिहा : सव्वा मीटरची पट्टी वापरण्याजोगी राहत नसल्याने दुकानाचे मूल्यांकन संपूर्ण इमारतीचे व्हावे, त्यासाठी नोंदणीकृत अभियंत्याचा अहवाल जोडला आहे, इमारत रेषेमुळे उरलेल्या जागेचा व्यापारी उपयोग संपला, आणि दुकान अन्यत्र हलवण्याचा खर्च अमुक इतका. कमाईच्या हानीसाठी तीन वर्षांची विवरणपत्रे किंवा हिशेबाच्या वह्या लागतील. वह्या नसतील तर पीठ आणि शेंगदाण्याच्या घाऊक खरेदीची बिले तरी गोळा करा.

रक्कम कमी वाटली तर कलम ३-जी (५) प्रमाणे केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा. आपल्याकडे हे काम बहुधा वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे असते. निवाड्याची रक्कम उचलताना "हक्क राखून, हरकतीसह स्वीकारली" असे लिहून उचला; पैसे घेतले म्हणून लवादाचा मार्ग बंद होत नाही. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताब्याच्या तारखेपासून वर्षाला ९ टक्के व्याज मिळते. मात्र लवादासमोर पुरावा कच्चा ठेवू नका. त्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जाता येते ते १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, तीन महिन्यांच्या आत, आणि तिथे न्यायालय नव्याने दर ठरवत बसत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्याच प्रकरणात सांगितले होते की कलम ३४ खाली निर्णयात फेरफार करता येत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या घटनापीठाच्या निकालाने ती मुभा दिली, पण फार मर्यादित. म्हणून खरेदीखतांची यादी, अभियंत्याचा अहवाल, फोटो, साक्षीदार हे सगळे लवादाच्या पातळीवरच यायला हवे.

ज्यांचे संपादन १९९७ ते २०१५ या काळातले आहे अशांसाठी जाता जाता : त्या काळात महामार्गाच्या जमिनीला दिलासा रक्कम आणि व्याज दिले जात नव्हते. १९ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि तो निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लावावा ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची विनंती ४ फेब्रुवारी २०२५ रोजी फेटाळली. जुने कागद काढून पाहा.

काका आणि आत्यांबद्दल : वाटणीचा वाद निवाड्याआधी मिटला नाही, तर कलम ३-एच (४) प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवले जाते आणि पैसा तिथेच राहतो. कोणाचा किती हिस्सा हे सक्षम प्राधिकारी ठरवत नाही. आधी वडिलांच्या वारसांची नोंद करा. जमीन आजोबांच्या खरेदीची असल्याने आत्यांचा हक्क नाकारून पुढे जाता येणार नाही. त्यांना हिस्सा द्यायचा की त्या हक्कसोड पत्र नोंदवून देणार, हे त्यांना समोर बसवून विचारा; लग्नाच्या आहेरावर आणि दिवाळीच्या साडीवर हक्क सुटत नसतो. जमिनीची रक्कम सर्व हिस्सेदारांत आणि दुकानाच्या बांधकामाची रक्कम ज्याने ते बांधले त्याला, असे संमतीपत्र काकांशी होऊ शकते. निवाड्यात जमीन आणि बांधकाम यांच्या रकमा स्वतंत्र दाखवाव्यात अशी मागणी त्यासाठी आत्ताच करा. एकदा आकडा एकत्र छापला गेला की तो वेगळा करायला भावकीला वर्षे लागतात.


उत्तर – कडकभाकरी

काकांना आज संध्याकाळी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की १९८३ मध्ये दादांनी, म्हणजे आजोबांनी, त्या पैशांतून बोअर घेतले असावे, कारण त्याच साली घरात पाणी आले. बोअर आजही चालू आहे आणि तांबड्या रेघेपासून दोन हात अलीकडे, म्हणजे जाणाऱ्या भागात आहे. संयुक्त मोजणी पुढच्या मंगळवारी आहे. दोन्ही आत्या एक धाराशिवहून, एक पंढरपूरहून त्या दिवशी येणार आहेत. पंक्चरवाल्यांनाही थांबायला सांगितले आहे.


उत्तर – निवृत्त भूकरमापक

बोअरची खोली, पंपाची अश्वशक्ती आणि पाइपची लांबी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. त्या गडबडीत कोणालाच आठवत नाही, आणि मग पत्रकात नुसते "बोअर – १" एवढेच येते.